जरीची पट्टी

शामकलाच्या अंगावर त्या दिवसांत मूठभर मांस चढलं होतं. कोणी ब्लाउज शिवायला टाकायला आली, की मापाची फीत गळ्यात अडकवून ती आधी तेच सांगायची. "आमच्या चेतनाले सारं विचारून विचारून करून राहिले बाई. लेहंगा कोनत्या रंगाचा पाहिजे, विचारते. जेवनात काय ठेवाचं, विचारते. केसाचा जुडा वर का खाली, तेही विचारते!" समोरची बाई तोंडात बोट घालायची. "पोराकडचे विचारते? नशीब काढलं व पोरीनं!" मग शामकला तिचं माप घ्यायची आणि खडूनं कापडावर खूण करताना गालातल्या गालात हसायची.

हसू नये तर काय करावं तिनं? तिच्या स्वतःच्या लग्नात तिला कोणी काय विचारलं होतं? साडी कोणत्या रंगाची आली, ते अंगावर चढवताना कळलं. पंगतीत काय वाढलं, ते तर आजवर माहीत नाही. नवरीला दिवसभर उपाशी ठेवून सासरी नेलं आणि तिथं थंड भात समोर ठेवला. देवरी तालुक्यातल्या या गावात चंद्रकुमारच्या घरात ती अशी आली. नवरा धानाच्या बांध्यांत राबणारा, तोंडातून शब्द काढायला कंजूष. हिनं ओसरीत शिलाई मशीन टाकलं आणि गावातल्या अर्ध्याअधिक नवरींचे ब्लाउज तिच्या हाताखालून गेले.

चेतना तिची एकुलती एक लेक. लहानपणी मशीनजवळ चटईवर बसून हूक लावायची, तुरपाई करायची. कोणी जुना कपडा आणला की तो उलटा करून बोटानं शिवण चाचपायची आणि सांगायची, "आई, हे आंधी ढिलं होतं, मंग घट्ट केलं." शामकलाला त्याचं भारी कौतुक. पण पोरगी शिकली, देवरीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली आणि लग्नाचं काही जमेना. रंग सावळा, वर तोंडावर बोलायची सवय. आमगावचं एक स्थळ तर पक्कं होत आलं होतं. तिनंच मोडलं. म्हणे, पोरगा पूर्ण वेळ फोनातच पाहून राहिला होता, त्याला बायको कायले पाहिजे?

त्या वेळी शामकलानं जे केलं ते सांगायलाच पाहिजे. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि जेवण सोडलं. चंद्रकुमारनं समजावलं, शेजारच्या सावित्रीबाईनं समजावलं, बाई ताटाकडे पाहायला तयार नाही. शेवटी चेतना घास हातात घेऊन तिच्या उशाशी बसली. डोळ्यांत पाणी, आवाज मात्र कोरडा. "जेव व आई. आता पुढचं तू म्हनशीन ते. तू हो म्हटलं तर हो, तू नाही म्हटलं तर नाही." मग कुठं शामकला उठून बसली आणि जेवली.

पुढचं स्थळ आलं ते गोंदियाचं. ओमेश नाव पोराचं, बाजारात बापाचं मोठं दुकान, दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड. आई सुशिलाबाई तर अशी मिठ्ठास, की शामकलाला पहिल्याच दिवशी 'समधनजी', म्हणजे विहीणबाई, म्हणून गळ्याला लावलं. "हमको कुछ नहीं चाहिए, समधनजी. सब चेतना की पसंद से होगा." चंद्रकुमारनं घरी आल्यावर फक्त एवढंच म्हटलं, "पोरीले विचारलंस का?" शामकला फणकारली, "तिनंच माया हाती देल्लं ना सारं! आन् असं स्थळ पुन्हा दारात उभं राहनार हाय का?" चंद्रकुमार गप्प बसला. तो नेहमीच बसायचा.

पसंत करणं सुरू झालं. नवरीचे लग्नाचे कपडे, म्हणजे जोडा, पोराकडून येतो. ओमेशनं फोनवर लेहंग्यांचे फोटो पाठवले, 'तुझ्या मनानं घे.' चेतनानं मेंदी रंगाचा निवडला. सावळ्या अंगावर तो खुलला असता, शामकलालाही पटलं होतं. दोन दिवसांनी सुशिलाबाईंचा फोन आला, "मेहंदी कलर फोटो में डल आता है बेटा, मरून ही लेंगे, ठीक है ना?" जुडा वर बांधायचा, कारण पार्लरवालीला खालचा जमत नाही. नथ नको, लहानसा खडा पुरे. प्रत्येक वेळी आधी विचारायचं, मग हसून बदलायचं आणि शेवटी 'ठीक है ना' म्हणायचं. चेतना 'हो' म्हणायची. शामकला मात्र गावात 'विचारते बाई, सारं विचारते' हेच गात फिरायची.

मरून लेहंगा मोठ्या डब्यात आला. सोबत निरोप, फिटिंग समधनजींनीच करावं, त्या तर एक्सपर्ट. शामकलाला कोण आनंद! तिनं डबा उघडून सगळ्या गल्लीला दाखवला आणि पुन्हा बंद करून पेटीवर ठेवला. हातात ब्लाउजांचं काम तुंबलेलं होतं, फिटिंग पुढच्या आठवड्यात करू म्हणाली.

त्याच आठवड्यात जेवण चाखायला गोंदियाला बोलावणं आलं. नागऱ्याच्या रस्त्यावर लॉन होतं. आधी नागऱ्याच्या महादेवाला पत्रिका ठेवली आणि मग सगळे लॉनवर पोचले. केटररनं छोट्या छोट्या वाट्या मांडल्या. पनीर, मंचुरियन, दही-भल्ले, रबडी. चेतनाला ओमेशनं विचारलं, "तुला काय पाहिजे? बोल ना बिनधास्त." ती जरा सावरून बसली. "वडे आन् सुवाऱ्या. आमच्याकडे त्याशिवाय लग्न लागलं असं वाटत नाही. आन् वांग्या-आलूचा रस्सा." उडदाचे वडे, गरम पुरी आणि तो झणझणीत रस्सा, एवढंच मागितलं पोरीनं. ओमेश हसला, "एवढंच? ठेवू की." तेवढ्यात केटरर वही न बघताच बोलून गेला, "भैया, मशरूम-मटर तो रहेगा ना? पिछली बार भाभीजी ने खास बोलके रखवाया था."

सुशिलाबाईंचा चमचा वाटीत वाजला. ओमेशनं केटररकडे असं पाहिलं, की तो माणूस घाईनं वही चाळू लागला. "वो दूसरी पार्टी थी. तुम खाना दिखाओ." मग पुन्हा हसू तोंडावर आणून त्यानं चेतनापुढे रबडी सरकवली. चेतनानं रबडीकडे पाहिलं नाही. तिनं आईकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून.  शामकलानं मान खाली घातली आणि वाटीतलं खात राहिली.

परतीच्या बसमध्ये चेतनानं विचारलंच. "आई, तो केटरर काय म्हनून राहिला होता?"

"काय म्हनते? शंभर लग्नं राहते त्याच्या डोक्यात. गोंधळला असन."

"बरं," चेतना म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पुढच्या आठवड्याची वाट न पाहता शामकलानं दुसऱ्याच दिवशी दुपारी लेहंगा मशीनवर घेतला. चेतना शाळेत, चंद्रकुमार शेतात. तिनं ब्लाउज उलटा केला, अस्तरावरून हात फिरवला आणि तिथंच तिचा हात थांबला. कमरेच्या दोन्ही बाजूंना सुईच्या छिद्रांची रांग होती. नव्या शिवणीच्या आत जुनी शिवण. हा ब्लाउज आधी एका बारीक अंगाच्या पोरीला घट्ट बसवला होता आणि नंतर उसवून पुन्हा दुकानाच्या मापाला आणला होता. साटीनचं कापड, बाई! सुती असतं तर धुऊन, इस्त्री करून छिद्रं बुजली असती. साटीन एकदा टोचलं की टोचलं. गळ्याच्या आतल्या कडेला तर तोंडाला लावायच्या क्रीमचा फिकट पट्टाच राहिला होता. म्हणजे कोणीतरी नुसतं माप नाही दिलं. पूर्ण सजून, तोंड रंगवून हा जोडा अंगावर घातला होता.

 मशीनवरून उठून ती ओसरीतच फेऱ्या मारू लागली. मग पदर खोचला आणि सुशिलाबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "समधनजी, लेहंग्याले आंधी काही काम झालं होतं का?"

पलीकडची बाई क्षणभरही अडखळली नाही. "हाँ, मैं आपको बताने ही वाली थी. पिछले साल एक रिश्ता हुआ था ओमेश का. लड़की ठीक नहीं थी, ऐन टाइम पे ना बोल दी. लॉन, खाना, लेहंगा, सब अपनी पसंद से किया और फिर ना! अब नया का नया पड़ा था, फेंक तो नहीं सकते ना?" मग आवाज आणखी मऊ करून, "चेतना को बताना हो तो बता दो. आपकी मर्जी. हम तो सब आपकी मर्जी से ही करते हैं."

तेव्हा शामकलाच्या ओठांवर एकच प्रश्न आला होता. काऊन मोडलं? त्या पोरीनं ऐन वेळी काऊन 'ना' म्हटलं? ओठ घट्ट मिटून तिनं तो प्रश्न आत दाबला. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. उत्तर मिळालं तर त्याचं काहीतरी करावं लागलं असतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, गावभर स्वतःच्या तोंडानं डंका पिटून झाला होता. "नाही नाही, सांगाचं काय त्यात," ती म्हणाली. "मी करून घेतो बराबर."

आणि केलं बाईनं. हातात कला होती ना! देवरीच्या बाजारातून जरीची रुंद पट्टी आणली, सोनेरी, बारीक वेलाची. कमरेच्या दोन्ही बाजूंनी छिद्रांवर अशी बसवली, की कोणाला वाटावं जोडा पहिल्यापासूनच असा आहे. गळ्याचं अस्तर काढून नवं लावलं. आयुष्यात तिनं एवढी सफाईदार शिवण घातली नव्हती. सुईचा प्रत्येक टाका घालताना तिला बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटत होती. पण हात थांबले नाहीत.

चेतना शाळेतून आली तेव्हा लेहंगा खुंटीला टांगलेला होता. ती चप्पल काढून सरळ त्याच्यापाशी गेली. पट्टीवरून तिनं बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश.

"पट्टी कायले लावलीस?"

"शोभते. साधा दिसून राहिला होता."

"उसवलास तेव्हा आतमध्ये काही निघालं का?"

"काय निघनार हाय? कमरेत जरा ढिला होता." शामकलानं दोरा दातानं तोडला. मान काही वर केली नाही.

चेतना तिथंच उभी राहिली.  चुलीवर ठेवलेला चहा उकळून उतू गेला, तरी दोघीही हलल्या नाहीत. मग चेतना म्हणाली, "छान दिसते पट्टी," आणि चुलीपाशी गेली. शामकलाचा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो.

मांडवाच्या दिवशी घरी वडे-सुवाऱ्या झाल्या. गल्लीतल्या बाया आल्या, उडीद वाटला, कढई चढली. हळद लागलेली चेतना पाटावर बसली होती आणि बाया तिला भरवत होत्या. शामकलानं लेकीसाठी म्हणून थोडे वडे डब्यात वेगळे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी लॉनवर असतीलच, पण आईच्या हातचे ते आईच्या हातचे.

लॉनवर नव्हते. शामकलानं सगळे काउंटर फिरून पाहिले. पनीर होतं, मंचुरियन होतं, रबडी होती. मशरूम-मटर होतं, मोठ्या भांड्यात, वर कोथिंबीर भुरभुरलेली. वडे नाहीत, सुवारी नाही, वांग्याचा रस्सा नाही. गावाकडची म्हातारी माणसं हातात ताटं धरून बसायला जागा शोधत फिरत होती. चंद्रकुमार एका खांबाला टेकून नुसता भात खात होता. शामकलानं ओमेशच्या मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "ऑइली होता है ना, ओमेश ने कैंसल कर दिया."

आणि स्टेजवर लेकीचं कौतुक चाललेलं. "काय पट्टी लावली व शामकलाबाईनं! लेहंग्याचं सोनं केलं." जो तो त्या पट्टीला हात लावून पाहत होता. फोटोवाला तर म्हणाला, "भाभीजी, थोडा साइड से, पट्टी दिखने दो."

चेतना सकाळपासून उपाशी होती. वर बांधलेल्या जुड्याच्या पिनांनी तिच्या कपाळाची कातडी ताणून धरली होती. शामकला डबा घेऊन स्टेजवर चढली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "एक खा व माय, तोंडात काही टाक." चेतनाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हललं. तिनं वडा उचलला. तो तोंडापर्यंत जायच्या आधीच ओमेशनं तिचं मनगट धरलं.

"लिपस्टिक जाएगी. वीडियो चालू है."

तो हसत होता. कॅमेऱ्याकडे पाहून, दात दाखवून, छान हसत होता. पण मनगटावरची बोटं शामकलाला जवळून दिसत होती. बांगड्या कातडीत रुतल्या होत्या आणि चेतनाचा पंजा पांढरा पडत चालला होता. "एक खाऊ दे ना," चेतना हळूच म्हणाली. बोटं आणखी आवळली. वडा खाली पडला. ओमेशनं तो बुटाच्या टोकानं सोफ्याखाली सरकवला, हात सोडला आणि आईसारख्याच मऊ आवाजात म्हणाला, "बाद में खा लेना, ठीक है ना?"

काऊन मोडलं, ते शामकलाला तिथं, त्या स्टेजवर, लाइटांच्या उजेडात कळलं.  बोलायची वेळ अजूनही गेली नव्हती. लग्न लागायचं होतं, अक्षता पडायच्या होत्या. तिनं तोंड उघडलं. समोर सगळं गाव बसलेलं, सुशिलाबाई पहिल्या रांगेत, खांबापाशी नवरा. शामकलानं झाकण लावलं आणि पायऱ्या उतरून खाली आली.

लग्न लागलं.

निरोपाच्या वेळी बाया रडू लागल्या. शामकलाही रडली, खरंखुरं, पोटातून. चेतना मात्र रडत नव्हती. ती आईच्या गळ्यात पडली आणि सगळ्यांना वाटलं, आता तरी पोरगी रडेल. तिनं तोंड आईच्या कानाशी नेलं.

"लेहंग्याचा डब्बा आला त्याच दिवशी मी ब्लाउज उलटून पाह्यला होता, आई. तू बाजारात गेली होतीस. तुयाच हाताखाली शिकली ना मी."

शामकलाचे हात लेकीच्या पाठीवर गोठले.

"रोज वाट पाह्यली. आज सांगशीन, उद्या सांगशीन. मी नाही म्हटली असती तर तू पुन्हा उपाशी झोपली असतीस. म्हनून तुया तोंडून पाहिजे होतं. एकडाव 'नाही' म्हटली असतीस ना आई, मी त्याच पावली परत आली असती."

तिनं मिठी सोडली. बापाच्या पाया पडली. गाडीत बसताना ओमेशनं तिचा लेहंगा दारात अडकू नये म्हणून हातानं उचलून आत घेतला, तेव्हा बाया म्हणाल्या, "पाहा कसा जपते पोरीले!" चेतनानं एकदाही मागे पाहिलं नाही. गाडी नागऱ्याच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

शामकला लॉनच्या फाटकात उभी होती. चंद्रकुमार जवळ आला, काहीतरी विचारावं असं त्याच्या तोंडावर आलं, पण तो तसाच गावाकडच्या माणसांना गाडीत बसवायला निघून गेला. सावित्रीबाई डोळे पुसत आली आणि शामकलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नोको रडू व. सोन्यासारखं झालं पोरीचं. आन् ते पट्टी, बाप्पा! येत्या उन्हाळ्यात माया पोरीचं, डिंपलचं लग्न हाय. तिच्याही लेहंग्याले अशीच लावून देजो."

शामकलाच्या हातात तो डबा तसाच होता. वडे आत गार पडले होते.

"आनजो," ती म्हणाली. "देईन लावून."